गाव नव्याने वसवताना

आपले जुने गाव डोळ्यांपुढे आणा बरं. वाण्याचे दुकान त्याच्याच ओसरीवर. शिंप्याचे यंत्र त्याच्याच घरात. शाळा, गिरणी, मारुतीचा पार, सारे हाकेच्या अंतरावर. म्हातारी आजीसुद्धा काठी टेकत मीठ आणायला जाई. घर आणि धंदा असे शेजारी नांदतात, त्याला जाणकार 'मिश्र वापर' म्हणतात. नाव नवे, रीत जुनीच! धूर आणि घाण करणारा धंदा मात्र वस्तीपासून दूरच हवा.

आता किल्लारीकडे चला. ३० सप्टेंबर १९९३ चा दिवस. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर आले. अरुंद गल्ल्या दगडांनी भरून गेल्या.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. घरे भक्कम झाली. रस्ते सरळ आणि रुंद झाले. ज्याचे माणूस गल्लीत दबून गेले, तो गल्लीला भिणारच. त्यात त्याचे काय चुकले?

पण गावे जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी पसरली. घर किती मोठे, ते ज्याच्या त्याच्या जमिनीवरून ठरले: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. पुष्कळ ठिकाणी एका मापाची घरे एकीकडे आली. जुने शेजारी पांगले. दुकान लांब, दळण लांब, सोबतीण लांब. तरणा गडी सायकलवर जाईल. आजीने काय करावे?

जुने सगळेच चांगले होते, असेही नाही. काहींना गावकुसाबाहेर राहावे लागे. तसा तुटलेला शेजार पुन्हा नको.

मंडळी, धरण असो, दरड असो, गाव हलवायची वेळ आली तर नकाशा ग्रामसभेत मागा. घर भक्कम आहे का? दुकान, शाळा, दवाखाना पायी किती लांब? शेजारी कोण? हे घरे बांधण्याआधीच विचारा. नकाशावर पुसता येते. भिंत उभी राहिली की पुसता येत नाही.

प्रश्न
१. 'मिश्र वापर' म्हणजे काय?
२. किल्लारी भागात लोकांना रुंद रस्ते का हवेसे वाटले?
३. तुमच्या घरापासून दुकान किती पावले आहे? मोजून लिहा.