गुळवेल आणि हिज्कीयाचे गळू

वचनपाठ : यशया ३८:१-५, २१



जव्हारकडच्या एका पाड्यावर प्रार्थना संपल्यावर एका आजीने मला बाजूला घेतले. "दादा, गुळवेलीचा काढा पाजला तर पाप लागंल का?" नातू तीन दिवस तापाने फणफणत होता आणि ती आम्हाला लपवून काढा देत होती. 'ही भगताची वेल, हिला शिवू नका,' असे तिला पूर्वी सांगणारा मीच होतो.

भगत वेल कापताना कोंबडे मागतो, मंत्र टाकतो, हे खरे. पण वेल भगताने केली नाही. तोडून झाडावर टाकली तरी ती हवेत मुळे सोडून पुन्हा फुटते, म्हणून संस्कृतात तिला अमृता म्हणतात. आदिवासी तिचे खोड ठेचून, उकळून तापात देतात.

हिज्कीया राजा मरणाला टेकला असता रडून प्रार्थना करतो. देव त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढवतो. तरीही यशया गळवावर अंजिराचा लेप बांधायला सांगतोच! डिप्लोमाच्या अभ्यासात हे वचन मी कितीदा वाचले होते.

आजीला म्हटले, "काढा उपकारस्तुती करून द्या, कोंबडे नको. पण आधी रक्त तपासू." प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवताप निघाला. तो काढ्याने जात नाही, त्याला गोळ्यांचा पूर्ण कोर्सच लागतो. (मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच गुळवेल घ्यावी.)

नातू आता शाळेत जातो. आजीने दिलेला वेलीचा तुकडा मी आमच्या आवारातल्या कडुनिंबाखाली लावला आहे.