नव्या सहकाऱ्याचा परिचय

प्रस्तावना

कार्यालयात, कारखान्यात वा संस्थेत नवी व्यक्ती रुजू झाली, की तिचा परिचय करून देण्याचा प्रसंग येतो. जिथे यंत्रांवर काम चालते, तिथे परिचयाला शिष्टाचारापलीकडेही महत्त्व असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उदाहरणातून ते आपण समजून घेऊ.

पाठ

सिविक सेंटर हा भिलाई नगरातील मध्यवर्ती बाजारपेठेचा भाग. तेथे हिंदी व छत्तीसगढीबरोबरच मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी अशा भाषाही कानी पडतात. येथील अनेक कुटुंबांतील वडील वा आजोबा कारखान्यातील कामासाठी दूरच्या प्रांतांतून आले. एके काळी तेही येथे नवेच होते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात हा कारखाना उभारण्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख टन पोलाद तयार करणे, हे पहिले लक्ष्य होते. शिकवणारे तज्ज्ञ रशियन बोलत; शिकणारे निरनिराळ्या भाषा बोलत. दुभाष्यांची मदत असे. तरीही कोणाला कोणते काम येते, हे परस्परांना ठाऊक असणे आवश्यक होते. परिचय हीच सहकार्याची पहिली पायरी होती.

आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वा तंत्रनिकेतनातून शिकून आलेला तंत्रज्ञ कारखान्यात रुजू होतो. त्याला यंत्राचे ज्ञान असते. त्या जागेची ओळख मात्र नसते. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण तो प्राणघातक आहे. कोठे एकट्याने जाऊ नये, हे नवागताला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. त्याचप्रमाणे एखाद्या यंत्राची दुरुस्ती करताना वीजपुरवठा तोडून कळीला कुलूप लावतात आणि काम करणाऱ्याच्या नावाची पाटी अडकवतात. पाटीवरचे नाव कोणाचे, हे सहकाऱ्यांना माहीत असावे लागते. कारण त्या नावामागे एका माणसाचा जीव असतो.

म्हणून परिचय नेमका असावा. 'हे नवीन आले आहेत, सांभाळून घ्या,' एवढे म्हणणाऱ्या पर्यवेक्षकाने काहीच सांगितलेले नसते. याउलट, नवागताचे नाव स्पष्ट उच्चारून तो असे म्हणू शकतो :

'हे आजपासून आपल्या पाळीत विद्युत देखभालीचे काम पाहतील. मोटारींच्या दुरुस्तीचे प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केले आहे. आपला विभाग त्यांना नवा आहे. म्हणून पहिला महिना ते आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांसोबत काम करतील. शंका आली, तर त्यांनी निःसंकोच विचारावे आणि आपण न हसता उत्तर द्यावे.'

या चार-पाच वाक्यांत नवागताचे काम, कौशल्य, मर्यादा आणि आधार या चारही गोष्टी आल्या. त्याची मर्यादा सांगितल्याने त्याचा अपमान होत नाही. उलट, न समजलेले विचारण्याचा संकोच दूर होतो. संकोचाने न विचारलेला प्रश्न कारखान्यात अपघाताचे कारण ठरू शकतो. नवागतानेही आपले कौशल्य फुगवून सांगू नये आणि जे येते ते लपवू नये.

परिचय करून देणे म्हणजे एका अनोळखी माणसाला आपल्या विश्वासात सामावून घेणे होय. काल नवा असलेला माणूसच उद्या दुसऱ्या नवागताचा परिचय करून देतो. भिलाईसारखी नगरे अशाच परंपरेने उभी राहिली आहेत.

शब्दार्थ

झोतभट्टी – खनिजापासून वितळलेले लोखंड मिळवण्याची उंच भट्टी
नवागत – नव्याने आलेली व्यक्ती
दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारी व्यक्ती
पाळी – कामाची ठरावीक वेळ

स्वाध्याय

१. दुरुस्तीच्या वेळी कळीवर नावाची पाटी का अडकवतात?
२. पर्यवेक्षकाच्या परिचयात कोणत्या चार गोष्टी आल्या आहेत?
३. नवागताची मर्यादा सांगणे त्याच्या हिताचे कसे ठरते?
४. आपल्या कामाच्या ठिकाणी नवी व्यक्ती रुजू झाली आहे, अशी कल्पना करून तिचा परिचय पाच-सहा वाक्यांत लिहा.