फी किती सुटली, आणि घरातून किती गेली?

मंडळी, बारावीचा निकाल लागला की आपल्या देगलूर भागात घरोघरी एकच बोलणे असते. लेकराला पुढे कुठे घालायचे? नांदेडला, लातूरला, हैदराबादला की पुण्याला? आणि पैसा कोठून आणायचा?

आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. निजामाच्या राज्यात कॉलेज शिकायचे तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे. 1948 साली मराठवाडा मुक्त झाला. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. पुढे देगलूरच्या अडत व्यापाऱ्यांच्या शिक्षण संस्थेने गावातच कॉलेज उभे केले. 1994 साली नांदेडला विद्यापीठही आले. आता कॉलेजे पुष्कळ आहेत. मदतीच्या योजनाही पुष्कळ आहेत. म्हणूनच घोटाळा होतो. कोणती मदत खरी मोठी, हे कळत नाही.

समजा, एका शेतकऱ्याची मुलगी आहे. इतर मागासवर्गातली. घरचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या बरेच आत. तिला इंजिनियरिंगला दोन ठिकाणी जागा मिळते आहे. एक नांदेडला, सरकारी प्रवेश फेरीतून. दुसरी पुण्याच्या खाजगी कॉलेजात, व्यवस्थापनाच्या कोट्यातून. पुण्याचा माणूस फोनवर सांगतो,

"काका, मुलगी हुशार आहे. आम्ही 60 हजारांची सूट देतो. नांदेडला फार तर 40 हजार माफ होतील."

बाप म्हणतो, "60 मोठे की 40? पुणेच बरे."

थांबा. पाटी घ्या आणि हिशेब मांडा. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या कागदावरचे घाला.

पुणे. शिक्षण शुल्क 1,40,000. इतर शुल्क 15,000. राहणे-जेवण 90,000. बेरीज 2,45,000. सूट 60,000 वजा केली. घरातून जाणार 1,85,000 रुपये.

नांदेड. शिक्षण शुल्क 40,000. इतर शुल्क 10,000. राहणे-जेवण 55,000. बेरीज 1,05,000. माफी 40,000 वजा केली. घरातून जाणार 65,000 रुपये.

पाहिलेत? सूट पुण्याची मोठी, पण घर रिकामे करणारी तीच. बाजारात बी-बियाणे घेताना आपण "किती सोडले?" एवढेच विचारत नाही. "शेवटी किती द्यायचे?" हेही विचारतो. इथेही तेच विचारायचे.

आता दुसरा प्रश्न. सूट एका वर्षाची की चारही वर्षांची? नांदेडचे चार वर्षांचे 65 हजारांप्रमाणे 2,60,000 होतात. पुण्याची सूट चारही वर्षे मिळाली तर 7,40,000 लागतील. पहिल्याच वर्षी मिळाली तर 9,20,000. फोनवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही. त्याच्याकडून लिहून मागा. लिहून देत नसेल तर ती सूट हिशेबात धरू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 2024 च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, घरचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. परंतु प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली. म्हणजे पुण्याचे 60 हजार घेताना बापाने मुलीचा हक्क न कळत सोडून दिला असता. माफी शिक्षण शुल्काची असते, खानावळीची नसते, हेही ध्यानात ठेवा. वसतिगृहाचे पैसे लागतातच.

मदतीला अट असते, आणि अट आधी वाचायची असते. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांना करावा लागला होता. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते पुरे करायला ते 1920 साली स्वतःचा साठवलेला आणि उसना पैसा घेऊन पुन्हा गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही मुदत आणि अट चुकली नाही.

राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्याकडे दोन-तीन एकरवाले किती तरी आहेत, पण हा भत्ता मागणारे थोडेच दिसतात. सातबारा काढा आणि विचारा.

कर्ज ही मदत नव्हे, ती उसनवारी आहे. सूट आणि कर्ज एका ओळीत मांडून बेरीज करू नका. तरी कर्ज लागलेच, तर 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा. लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

आता अर्ज परत आला तर काय? सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. तो आधी कॉलेजचा कारकून तपासतो. मग वरच्या कार्यालयात जातो. पुष्कळ घरी असे होते की मोबाईलवर निरोप येतो आणि लेकरू म्हणते, "बाबा, गेलं. नाही मिळाली." अहो, निरोप नीट वाचा! 'परत पाठवला' आणि 'नामंजूर' हे दोन निराळे शब्द आहेत. परत पाठवला म्हणजे त्रुटी आहे. कागद अस्पष्ट असेल, उत्पन्नाचा दाखला जुना असेल. ती दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा. आणि बँकेतले खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. मंजूर झालेला पैसा तिथेही अडकतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो. तो वेळेत मिळाला नाही किंवा नाकारला, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांत पहिले अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोच हवी. पोच नसेल तर अर्ज दिला हे कसे दाखवणार? 2025 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराने गावे बुडाली, पिके गेली. अशा वर्षी मागच्या चांगल्या वर्षाचा दाखला जोडणे म्हणजे आपणच आपले नुकसान करणे. नवा दाखला काढावा, आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी.

कॉलेजच्या प्राचार्यांनाही विनंती करता येते. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे सरकारने कॉलेजांना वेळोवेळी कळवले आहे. खिडकीवरचा माणूस ऐकत नसेल तर भांडू नका. कागद लिहा. अर्ज असा लिहावा :

"मा. प्राचार्य यांस, विनंती अर्ज.

माझ्या मुलीचा प्रवेश सरकारी फेरीतून पहिल्या वर्षाला झाला आहे. ती शुल्कमाफीस पात्र आहे. दाखले जोडले आहेत. तरी तिच्याकडून शिक्षण शुल्क घेऊ नये. यंदा पुरात सोयाबीन गेले. पंचनाम्याची प्रत जोडली आहे. इतर शुल्क 10,000 रुपये एकदम भरणे शक्य नाही. ते चार हप्त्यांत भरू द्यावे. पहिला हप्ता 2,500 रुपये आज भरत आहे. विद्यार्थी साहाय्य निधी किंवा कमवा व शिका योजना असेल तर तिचे नाव त्यात घ्यावे.

आपला, (सही) तारीख."

पाहा, यात रडगाणे नाही. काय मागतो, का मागतो आणि आपण स्वतः किती भरतो, हे तिन्ही आले. "गरिबावर दया करा" एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला काय करावे ते कळत नाही. आकडा लिहिला की त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अंगठा नको, आता सही करा. ती प्रत मुलीच्या दाखल्यांबरोबर पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरताना ती लागेल.