मानशीचे दार आणि शेजाऱ्याचे शेत

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, निर्गम २२:५-६, २३:१०-११

परमेश्वराने मनुष्याला एदेन बागेत कशासाठी ठेवले, हे सांगताना शास्त्रलेखकाने दोन क्रियापदे योजिली आहेत. पहिले मशागतीचे, दुसरे राखणीचे. पहिल्या इब्री शब्दाचा अर्थ सेवा करणे असाही होतो. हीच जोडी गणनाच्या तिसऱ्या अध्यायात (व. ७-८) निवासमंडपात लेव्यांनी करावयाच्या कामासाठी आली आहे. म्हणजे नांगर धरणारा व वेदीपाशी उभा राहणारा यांच्या कामाला शास्त्रात एकच शब्द आहे. आपल्या उपदेशांत मात्र पहिल्या अध्यायातील सत्तेचे वचन वारंवार येते आणि हे वचन मागे राहते.

मशागत व राखण एकत्र कशी चालतात, हे पाहावयाचे तर गोमंतकातील खाजन शेती पाहावी. मांडवी, जुवारी या नद्यांत समुद्राची भरती पुष्कळ आतपर्यंत शिरते. तेथील गावकऱ्यांनी काठच्या खाऱ्या दलदलीला चिखलाचे व जांभ्या दगडाचे बांध घालून शेते केली. १५१० साली पोर्तुगीज आले त्यापूर्वीपासूनची ही व्यवस्था आहे. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याने ते उघडते. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते, आणि मग कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात उभे राहते. गाळाने कसदार झालेल्या या जमिनीला विकतचे खत फारसे लागत नाही.

परंतु खाजन म्हणजे केवळ भात नव्हे. मानशीपाशी जाळे लावून ओहोटीच्या पाण्यातली मासळी, कोळंबी धरतात. हा हक्क लिलावाने दिला जाई व त्या पैशाचा उपयोग बांध दुरुस्तीलाही होई. बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा जोर मोडते, त्याच्या मुळांत माशांची पिले वाढतात. शेतात बगळे, खंड्या, खेकडे असतात. चिखलातल्या तिसऱ्या व खुबे वेचून बायकाही घरच्या कालवणाला हातभार लावतात.

आता दुसरी बाजू. बांध सर्वांचा, म्हणून दुरुस्ती सर्वांची, अशी गावकारीची रीत होती. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, आणि ते न्याय्यच होते असे आम्हांस वाटते. पण बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे आली आणि पुष्कळ ठिकाणी ती ढिली पडली. त्यात मासळीला भाताहून अधिक पैसा! मग मानशीचे दार गरजेपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवण्याचा मोह होतो. खारे पाणी आत येते, कोळंबी वाढते, आणि शेजाऱ्याच्या शेतात मीठ साचून भात जळते. पडीक शेतात कांदळ उगवते. कांदळवन तोडण्यास मनाई असल्यामुळे ते शेत परत पिकाखाली आणणे कठीण होते. एकाच्या जाळ्यातला लाभ दुसऱ्याच्या ताटातून जातो.

येथे निर्गम २२ वाचावे. आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, किंवा आपण लावलेला विस्तव दुसऱ्याच्या धान्याला लागला, तर भरपाई आपण करावयाची असे नियमशास्त्र सांगते. विस्तव लावणाऱ्याचा हेतू काय होता, हे तेथे विचारलेले नाही. विस्तवाच्या जागी खारे पाणी ठेवून पाहावे.

पुढच्याच अध्यायात जमीन सातव्या वर्षी पडीत ठेवण्याची आज्ञा आहे. तिच्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपोआप उगवेल ते आधी गरिबांनी खावे, आणि त्यांनी ठेवलेले रानच्या पशूंनी. धन्याच्या हद्दीत या दोघांचाही वाटा देवाने धरला आहे. पशुपक्ष्यांची काळजी ही पोट भरलेल्यांची हौस, असे कित्येक जण म्हणतात. नियमशास्त्राने तर ती गरिबाच्या शेजारीच बसविली आहे.

मंडळीत चर्चेसाठी :

आपल्या गावी सामाईक असे काय आहे? विहीर, पाट, गायरान, तळे? त्याची दुरुस्ती शेवटी कधी झाली व कोणी केली?

आपल्या शेतातून, घरातून किंवा धंद्यातून शेजाऱ्याकडे काय वाहत जाते? भरपाई मागण्याचे धैर्य नसलेला असा कोणी शेजारी आपल्याला आहे काय?