औषध न घेणारा घोडा

वाचावयाचे शास्त्रभाग : नीतिसूत्रे 12:10, स्तोत्र 32:8-9

मार्गशीर्ष महिन्यात तापीकाठी सारंगखेडे येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे गाव 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. ज्या घराची भाकर वरातीच्या अथवा टांग्याच्या घोड्यावर अवलंबून असते, तेथे घोडा आजारी पडला म्हणजे चूलही थंड होते. म्हणून त्यास औषध कसे द्यावे, हे आपण या पाठात पाहू.

बैलास बांबूच्या नळ्याने औषध पाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तीतही धोका आहेच. परंतु घोड्यास ती मुळीच लावू नये. मान वर ओढून बळेच ओतलेले औषध श्वासनलिकेत उतरते, फुप्फुसांस सूज येते व जनावर दगावते. काचेची बाटली दातांखाली फुटते, ते संकट निराळेच. शिवाय घोड्यास वांती होत नाही. अधिक गेलेले औषध परत निघत नाही. यास्तव मात्रा पशुवैद्याकडून घोड्याच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यावी. गुरांचे औषध वा खुराक त्यास घालू नये; गुरांच्या काही खुराकांत असणारे मोनेन्सिन घोड्यास विष होते.

आता रीत ऐका.

1. पशुवैद्याची संमती असल्यास गोळी कुटून गुळात किंवा ओल्या कोंड्यात कालवावी, व नेहमीच्या चंदीपूर्वी मूठभरच द्यावी. पुष्कळ चंदीत मिसळल्यास घोडा अर्धी टाकतो व मात्रा अपुरी पडते.

2. तरीही न घेतल्यास बिनसुईची पिचकारी घ्यावी. प्रथम काही दिवस तीतून नुसते गुळाचे पाणी थोडे थोडे द्यावे, म्हणजे भय मोडते.

3. घोड्याच्या समोर नव्हे, खांद्याशी उभे राहावे. मोहरकी हलकेच धरावी. पुढील दात व दाढा यांमधील रिकाम्या जागेतून पिचकारीचे टोक आत घालून पातळ लेप जिभेवर सोडावा. डोके फार उंच करू नये. नाकपुड्या कधीही दाबू नयेत. घोडा नाकानेच श्वास घेतो.

4. औषध गिळले म्हणजे मान थोपटून मगच सोडावे.

घोडा पोटशुळाने लोळत असेल, किंवा गिळता न येऊन चारा नाकातून येत असेल, तर तोंडाने काहीच न देता तत्काळ पशुवैद्यास आणावे.

उपदेशक बंधूंनो, यात आपणांसही बोध आहे. सभेस येणे सोडलेल्या बांधवाच्या दारी जाऊन आपण दोषाचे शब्द बळेच ओतले, तर ते अंतःकरणात न उतरता भलतीकडे जातात व त्यास गुदमरवितात. आधी वारंवार जावे, त्याचे सुखदुःख ऐकावे, ओळख वाढवावी. मात्र एक भेद ध्यानात असू द्या. पशूस गुळात लपवून औषध देता येते. मनुष्यास सत्य उघडपणेच सांगावे लागते. गोडी आपल्या वागण्यात असावी, सत्य झाकण्यात नसावी.

विचारार्थ प्रश्न : बळेच पाजलेले औषध घोड्यास अपाय का करते? आपल्या मंडळीतील कोणाच्या दारी या आठवड्यात केवळ ऐकण्यासाठी जावे?