दाखला, टक्का आणि कामावरचा हक्क

"दाखला काढला तर मालकाला कळेल, आणि कळलं की कामावरून काढतील." जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये आरोग्यावर बोलायला बसलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकायला मिळते. बोलणारा कधी चिरेखाणीतला असतो, कधी आंबे उतरवताना झाडावरून पडलेला, कधी कारखान्याच्या आवाजाने ऐकू येणे कमी झालेला. भीती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी सरकारी मदतही जाते आणि कामावरचा हक्क मागण्याचा पुरावाही हाती राहत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे. हातपाय, डोळे, कान हे तर आहेतच. मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि बरा झालेला कुष्ठरोगसुद्धा आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांसाठी किंवा संजय गांधी निराधार योजनेसाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्व लागते. या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. महिन्याला १,५०० रुपये मिळत असत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २,५०० केले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टक्का शरीराचा मोजतात, कामाच्या हक्काचा नाही. चिऱ्याची कपची उडून एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर शासनाच्या मोजमापाप्रमाणे ते ३० टक्के भरते. पेन्शन मिळत नाही. "म्हणजे आमचं काहीच नाही" असे म्हणून माणूस घरी बसतो. पण अपघात कामावर झाला असेल तर मालकाने भरपाई द्यायची, हे १९२३ पासून कायद्यात आहे आणि त्याला ४० टक्क्यांची अट नाही. अपंग म्हणून भेदभाव करायचा नाही, हे २०१६ च्या कायद्याचे कलम ३ सुद्धा ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरते लिहिलेले नाही. अपघात झाल्या दिवसाचे दवाखान्याचे कागद म्हणूनच जपायचे. केसपेपरवर "कामावर असताना लागले" अशी नोंद झाली आहे का, हे तिथेच वाचून घ्या.

दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि बोर्डाच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जायचे. मुंबईत सरकारी रुग्णालयात उपचार झाले असतील तर तिथेही अर्ज करता येतो. चाकरमान्यांनी हे लक्षात ठेवावे. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे, कानाची तपासणी केली असेल तर तिचा कागद, सगळे न्या. काठी घरी ठेवून जाऊ नका. चारचौघांत लाज वाटते म्हणून तसे करणारे पुष्कळ आहेत. जे जमते ते जमते म्हणा, जे जमत नाही ते जमत नाही म्हणा. मानसिक आजार असेल तर रोज सोबत राहणाऱ्या माणसाने जावे, कारण त्या एका सकाळी रुग्ण अगदी शांत बसलेला असू शकतो. दाखला नाकारला तर कारण लेखी मागा. कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. तात्पुरता दाखला असेल तर मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करा.

आता नोकरीकडे येऊ. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले तर कलम २० प्रमाणे कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. तेलंगणाच्या एस.टी.ने रंगांधळेपणामुळे एका चालकाला निवृत्त केले होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच वेतनश्रेणीत योग्य काम देण्याचा आदेश दिला. त्यामुळे साहेबांनी कितीही गोड बोलून सांगितले तरी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नका. आधी पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

खासगी कारखान्यात कायद्याचा हात इतका लांब पोचत नाही, हे सांगायलाच हवे. पण कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. ते दाखवा म्हणून मागता येते, आणि भेदभावाची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते.

एक जाता जाता. "दिव्यांग" हा शब्द आम्हाला फारसा रुचत नाही. यात दिव्य काय आहे? अर्जावर तो लिहावा लागतो, लिहू. पण "मागच्या जन्मीचं पाप" हे बोलणे आपल्या घरांतून तरी जायला हवे. मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तपासून बाजूला सारला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपण आणि अपंगत्व आलेल्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी राज्यावर आहे. पापाचा हिशेब तिथे कुठेच विचारलेला नाही.

शेवटी गावातले एक काम. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत महिला मंडळाने उभे राहून विचारावे: गेल्या वर्षी ही रक्कम किती झाली, आणि कोणाला मिळाली? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.