बंद खोलीतली ऊब : शेगडी, रॉड, ब्लोअर की ऑइल हीटर?

विदर्भात थंडीचा पारा 10 अंशांखाली उतरला की पत्र्याच्या घरात म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना रात्र जड जाते. मग कोळशाची शेगडी आत घेतात आणि दार लावतात. जीव जातो तो इथे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. झोपेत तेही कळत नाही. धूर दिसेनासा झाला तरी वायू निघतच असतो. असे कोणी आढळल्यास आधी मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना शेगडीबद्दल सांगा.

विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही. तो हवेतला प्राणवायू खातो, हाही गैरसमजच. दुकानदार 'कमी विजेत जास्त ऊब' म्हणेल, पण 1000 वॉटचा कोणताही हीटर तासाला 1 युनिट घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक असतो तो ऊब कशी पसरते यात.

रॉडवाला हीटर स्वस्त. समोर बसणाऱ्याला लगेच ऊब मिळते, मात्र लाल रॉडजवळ गोधडी किंवा मच्छरदाणी गेली तर पेट घेते. तीन फूट अंतर हवेच. ब्लोअर खोली झटकन तापवतो, पण धूळ उडवतो. घरात दमेकरी असेल तर नकोच. ऑइल हीटर महाग आणि तापायला वेळ घेणारा. पण त्यात उघडा रॉड नाही, पंखा नाही आणि आतले तेल बदलावे लागत नाही. पैसे जमत असतील तर आजाऱ्याच्या खोलीत हाच बरा. नसतील तर 800 वॉटचा रॉडवाला झोपण्याआधी तासभर लावा आणि बंद करूनच आडवे व्हा.

आता प्लगचे. 2000 वॉटचा हीटर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. घरातला छोटा प्लग 6 अँपिअरचा असतो, म्हणून वायर तापते, वितळते. असा हीटर 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर कधीच नाही.

मधुमेह असलेल्यांनी हीटरसमोर पाय शेकू नयेत. पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे कातडी भाजली तरी चटका कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो.